इंजिनाचीं ऑइल सिलें : उकललेल्या इंजिनांत तीं कशीं बदलावीं

मोटारगाडी ही आतां शेतकऱ्याच्या घरीं केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. बाजारपेठेची फेरी, खताबियाण्याची ने-आण, रात्रीअपरात्रीं दवाखाना गांठणें, ह्या सर्व कामांस ती लागते. अशी गाडी पुष्कळ वर्षें चालल्यावर तिचें इंजिन एकदां पुरतें उकलून दुरुस्त करावें लागतें, आणि हंगाम नसलेल्या दिवसांत गांवच्या मिस्त्रीला हाताशीं घेऊन हें काम घरच्या पडवींत करणारे शेतकरीही आहेत. पिस्टन, रिंगा, बेअरिंगें ह्यांवर खर्च करतांना ते हात आखडीत नाहींत. परंतु इंजिन गाडींत चढवून आठ दिवस होतात न होतात तोंच खालीं फरशीवर तेलाचा डाग दिसूं लागतो. तपास केला असतां पुष्कळदां असें आढळतें कीं, थोडक्या पैशांत मिळणारें एक रबरी कडें जुनेंच ठेवलें होतें, अथवा नवें बसवितांना त्याचा ओठ दुखावला होता. तें बदलण्याची मजुरी मात्र त्याच्या किंमतीच्या अनेक पटींनीं पडते, कारण त्यासाठीं गिअरबॉक्स, क्लच व फ्लायव्हील हीं सर्व पुन्हा उतरवावीं लागतात. सबब ऑइल सिलांचा विचार इंजिन उकललेलें असतांनाच पुरता करून टाकावा, हें प्रस्तुत लेखाचें सांगणें आहे.

उदाहरणासाठीं आम्ही मारुती ८०० ही गाडी घेतली आहे. ती डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत आपल्या देशांत तयार होत होती, आणि खेडोपाडीं ती अद्याप दृष्टीस पडते. तिचें इंजिन तीन सिलिंडरांचें, ७९६ घनसेंटिमीटरांचें असून त्याचा कॅमशाफ्ट दातेरी रबरी पट्ट्यानें फिरतो. ह्या पट्ट्यास टायमिंग बेल्ट म्हणतात. इतर मोटारगाड्या व ट्रॅक्टर ह्यांच्या इंजिनांसही मूळ नियम हेच लागू पडतात. मापें मात्र ज्या त्या इंजिनाच्या पुस्तकांतूनच घ्यावीं.

१. सील कोठें असतें व काय करतें

इंजिनाच्या पोटांत तेल सर्वत्र उडत असतें, आणि क्रँकशाफ्टचीं दोन्ही टोकें मात्र इंजिनाबाहेर येतात. पुढच्या टोकावर पट्ट्याची पुली बसते, मागच्या टोकावर फ्लायव्हील. कॅमशाफ्टचेंही पुढचें टोक पुलीसाठीं बाहेर येतें. ह्या तीन भोकांतून शाफ्ट फिरावा, पण तेल बाहेर येऊं नये, ह्यासाठीं तेथें एक एक सील असतें. ह्यांशिवाय प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांड्यावर एक लहान सील टोपीसारखें बसविलेलें असतें. मारुतीच्या बहुतेक मॉडेलांत सहा व्हॉल्व्ह असल्यामुळें अशीं सिलें सहा लागतात.

शाफ्टचें सील कापून पाहिलें तर त्यांत तीन भाग दिसतात: बाहेर पत्र्याचें कडें, त्यास चिकटविलेला रबरी ओठ, आणि ओठाच्या मागें त्यास शाफ्टवर हलकें दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग. जुन्या काळीं हें काम चामड्याच्या कड्यांवर चाले. पाण्याच्या पंपांतील चामडी वायसर ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस ही कल्पना नवी वाटणार नाहीं. जर्मनींतील वाइनहाइम येथील फ्रॉइडेनबर्ग ह्या मूळच्या कातडी कमावणाऱ्या कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत स्प्रिंगचें सील प्रचारांत आणलें, आणि पुढें चामड्याची जागा कृत्रिम रबरानें घेतली.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, सील जितकें घट्ट तितकें तें चांगलें. ही समजूत बरोबर नाहीं. ओठ आणि शाफ्ट ह्यांच्या मध्यें तेलाचा एक अत्यंत पातळ थर, मिलिमीटरच्या सुमारें हजाराव्या भागाएवढा, नेहमीं असावा लागतो. त्या थरावर ओठ तरंगतो, आणि ओठाच्या विशिष्ट घडणीमुळें बाहेर येऊं पाहणारें तेल फिरत्या शाफ्टबरोबर पुन्हा आंत ढकललें जातें. हा थर नसेल तर काय होईल तें हिशेबानें पाहावें. शाफ्टचा व्यास ४० मिलिमीटर धरला तर त्याचा परीघ साडेबारा सेंटिमीटरांहून किंचित अधिक होतो. मिनिटास ३,००० फेरे म्हणजे सेकंदास ५० फेरे. अर्थात् दर सेकंदास सव्वासहा मीटर, व तासास बावीस किलोमीटरांहून अधिक शाफ्ट त्या एका ओठाखालून घांसून जातो. कोरडा ओठ इतकें घर्षण कांहीं क्षणही सोसणार नाहीं. ह्यावरून हेंही कळेल कीं, शाफ्टच्या पृष्ठभागावर बोटाच्या नखास लागेल एवढा ओरखडा असला, तर उत्तमोत्तम सीलही निरुपयोगी ठरतें.

२. गळती कोठून होते, हें आधीं ठरवावें

इंजिन उतरविण्यापूर्वीं गळतीचें मूळ शोधून लिहून ठेवावें. इंजिन धुऊन कोरडें करावें, सांध्यांवर अंगाला लावण्याची पांढरी पावडर भुरभुरावी, आणि गाडी थोडी चालवून पुन्हा पाहावें. पावडर जेथें सर्वांत वर भिजली असेल तेथें मूळ समजावें. तेल खालीं ओघळतें व वाऱ्यानें मागें जातें. त्यामुळें वरच्या टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेलें तेल इंजिनाच्या पाठीवरून उतरून फ्लायव्हीलजवळ ठिपकतें, आणि विनाकारण मागच्या सिलावर आळ येतो. फ्लायव्हीलजवळचें तेल गिअरबॉक्सचें तर नाहीं ना, हेंही पाहावें. गिअरच्या तेलास पुष्कळदां गंधकासारखा उग्र वास येतो, व तें इंजिनाच्या तेलासारखें काळें पडलेलें नसतें.

गाडीखालीं जाऊन हा तपास करतांना केवळ जॅकच्या भरंवशावर कधींही राहूं नये. भक्कम स्टँड देऊन व चाकांस उटी लावूनच खालीं जावें.

गळती थोडी आहे म्हणून ती चालवून घ्यावी, असें कांहीं लोक म्हणतात. लहान गाडीच्या इंजिनांत एकूण तेल तीन लिटरांच्या आसपासच मावतें. शंभर किलोमीटरांस शंभर मिलिलिटर तेल जात असेल, तर हजार किलोमीटरांत एक लिटर, म्हणजे एक-तृतीयांश तेल नाहींसें होतें. उरलेलें तेल अधिक तापतें, चढावर किंवा वळणावर पंपाचें तोंड उघडें पडूं शकतें, आणि नवीं बसविलेलीं बेअरिंगें जळतात. पुढच्या सिलाचें तेल टायमिंग बेल्टवर पडलें तर बेल्ट फुगतो, त्याचे दांते सुटतात, आणि तो वाटेंत तुटतो; कित्येक इंजिनांत त्यामुळें पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून मोठी मोडतोड होते. मागच्या सिलाचें तेल क्लचवर गेलें तर भरल्या गाडीस चढावर क्लच घसरूं लागतो.

३. सिलाची निवड

सिलाच्या तोंडावर बहुधा तीन आंकडे असतात. ३५-५०-८ असें लिहिलें असेल, तर शाफ्टचा व्यास ३५, घराचा व्यास ५० व जाडी ८ मिलिमीटर असा त्याचा अर्थ. परंतु केवळ मापें जुळलीं म्हणून सील घेऊं नये; रबराची जातही जुळली पाहिजे. नायट्राइल रबर स्वस्त असतें व साधारणतः शंभर अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेंत चांगलें टिकतें. पॉलिअॅक्रिलेट रबर सुमारें दीडशें अंशांपर्यंत, व फ्लुओरोकार्बन जातीचें रबर, ज्यास बाजारांत व्हायटन म्हणतात, तें सुमारें दोनशें अंशांपर्यंत टिकतें. ओठापाशीं घर्षणामुळें उष्णता चेंबरमधील तेलाहून अधिक असते. म्हणून कारखान्यानें जें वापरलें असेल त्याहून हलकें रबर घेणें म्हणजे पुढच्या दुरुस्तीस आमंत्रण होय.

कांहीं सिलांवर बाण असतो. ओठावर तिरप्या बारीक रेघा असल्यामुळें तें सील एकाच दिशेनें फिरणाऱ्या शाफ्टास चालतें. बाण शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेशीं जुळला पाहिजे. विकत घेतांना ओठ नखानें हलकेंच वांकवून पाहावा. दुकानांत वर्षानुवर्षें पडून कडक झालेलें, तडे गेलेलें किंवा स्प्रिंग सुटलेलें सील परत करावें. घरीं आणल्यावर तें वेष्टनांतच, उन्हापासून दूर ठेवावें. खिळ्याला टांगून ठेवूं नये, कारण टांगल्यानें ओठाचा आकार बिघडतो.

४. जुनें सील काढणें व शाफ्टची तपासणी

टायमिंग बेल्ट काढण्यापूर्वीं पुल्यांवरील खुणा पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें जुळवून घ्याव्या. जुनें सील घराच्या कडेपासून किती आंत बसलें आहे, तें कॅलिपरनें मोजून नोंदवावें. ही नोंद पुढें उपयोगीं पडते.

इंजिन उकललेलें असतां सिलाचें घर सुटें काढतां येतें. तें दोन लांकडी ठोकळ्यांवर ठेवून सील उलट बाजूनें ठोकून काढावें. घर पुष्कळदां अॅल्युमिनियमचें असतें. पेचकस किंवा छिन्नी घालून उचकटल्यास त्यास ओरखडा पडतो, व नव्या सिलाच्या बाहेरून तेल झिरपूं लागतें. घर न काढतां सील काढण्याची वेळ आलीच, तर सिलाच्या पत्र्यास जपून बारीक भोंक पाडावें, त्यांत स्क्रू फिरवावा व पकडीनें तो ओढावा. गिरमिटाचें टोक शाफ्टास लागतां कामा नये.

नंतर शाफ्ट रॉकेलनें धुऊन, पुसून उजेडांत पाहावा. जेथें ओठ घांसत होता तेथें चकचकीत पट्टा दिसेल, तेवढें चालतें. परंतु नख फिरविलें असतां तें अडकत असेल, तर तेथें चर पडला आहे असें समजावें. मऊ रबरानें कठीण पोलाद झिजतें हें ऐकून आश्चर्य वाटेल. पण झीज करणारी खरी वस्तु तेलांतील व बाहेरील धूळ असते. ती रबरांत रुतून बसते, आणि मग ओठ कानशीसारखें काम करतो. आपल्याकडील कच्च्या रस्त्यांवर ही गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी.

चर पडला असेल तर उपाय तीन आहेत. पहिला, घरांत जागा असल्यास नवें सील जुन्या जागेपासून एक-दोन मिलिमीटर पुढें किंवा मागें बसवावें, म्हणजे ओठ ताज्या पृष्ठभागावर येतो; मात्र तेल परत जाण्याचें भोंक त्यानें बुजतां कामा नये. दुसरा, शाफ्टवर सुमारें पाव मिलिमीटर जाडीची पोलादी स्लीव्ह चढवावी. ती इतकी पातळ असते कीं सील मूळ मापाचेंच चालतें. तिसरा, चर खोल असल्यास शाफ्ट चांगल्या कारखान्यांत देऊन ती जागा भरून घांसून घ्यावी. पॉलिशच्या कागदानें घरीं घांसावयाचेंच असेल, तर कागद शाफ्टभोवतीं आडवा गोल फिरवावा. लांबीच्या दिशेनें किंवा तिरपा घांसल्यास मळसूत्रासारख्या रेघा पडतात, व त्याच तेल बाहेर आणतात.

बेअरिंग झिजून शाफ्ट डगमगत असेल, तर ओठ त्याचा पाठलाग करूं शकत नाहीं. अशा वेळीं आधीं बेअरिंग, मग सील, हा क्रम सोडूं नये.

५. नवें सील बसविणें

घर स्वच्छ करून कोरडें करावें. चिंधीचा एखादा धागाही ओठाखालीं राहतां कामा नये. सिलाची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे, म्हणजे इंजिनाच्या आंत, यावी. बाहेरच्या बाजूस आणखी एक पातळ ओठ असल्यास तो धुळीसाठीं असतो. रबरी ओठास इंजिनाचेंच स्वच्छ तेल बोटानें लावावें. पीटीएफई जातीचें पांढुरकें, काळें वा तपकिरी सील मिळाल्यास मात्र त्याच्या वेष्टनावरील सूचना वाचाव्या. तीं सिलें बहुधा कोरडींच बसवावयाचीं असतात, व तेल लावल्यानें बिघडतात.

सील हातोडीनें थेट ठोकूं नये. त्याच्या बाहेरील पत्र्याएवढ्या व्यासाची जुन्या बेअरिंगची रिंग किंवा सरळ कापलेला नळीचा तुकडा त्यावर ठेवून सर्व बाजूंनीं सारखें, थोडें थोडें दाबावें. व्हाइसच्या तोंडांत लांकूड देऊन दाबल्यास अधिक चांगलें. मध्यंतरीं कॅलिपरनें चार जागीं खोली मोजावी. एक बाजू आंत व दुसरी बाहेर असल्यास सील तिरपें बसलें आहे. अगोदर नोंदविलेली खोली येथें कामास येते.

घर शाफ्टवर चढवितांना बहुतेक सिलें दुखावतात. शाफ्टच्या टोकास चावीची खांच व धारदार कडा असतात. त्यांवरून ओठ सरकला कीं तो कापला जातो किंवा त्याची स्प्रिंग सुटते. म्हणून त्या कडांवर पातळ चिकटपट्टी किंवा गुळगुळीत प्लास्टिक गुंडाळावें, त्यावर तेल लावावें, आणि घर किंचित फिरवीत फिरवीत चढवावें. चढल्यावर ओठ कोठें उलटा दुमडला नाहीं ना, हें आरशानें किंवा बोटानें चौफेर तपासावें.

जुन्या ट्रॅक्टरांच्या मालकांसाठीं एक सूचना. पर्किन्स जातीच्या तीन सिलिंडरी इंजिनांच्या जुन्या बनावटींत क्रँकशाफ्टच्या मागील बाजूस रबरी सिलाऐवजीं दोरीचें सील असे. जुन्या दोरींत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, व त्याची धूळ फुप्फुसांस अत्यंत अपायकारक आहे. अशी दोरी ओली करूनच काढावी, कोरडी खरवडूं नये, व हवेच्या नळीनें ती जागा कधींही फुंकूं नये.

६. व्हॉल्व्हचीं सिलें

सकाळीं गाडी प्रथम सुरू करतांना निळसर धुराचा एक झोत यावा व मग धूर थांबावा, अथवा घाट उतरून पुन्हा वेग देतांच निळा धूर दिसावा, हें व्हॉल्व्हचीं सिलें कडक झाल्याचें लक्षण होय. रात्रभर तेल दांड्यावरून खालीं ठिपकतें. उतारावर थ्रॉटल बंद असल्यामुळें सिलिंडरांत ओढ निर्माण होऊन तेल खेंचलें जातें. उलटपक्षीं धूर सतत, विशेषतः जोर देतांना येत असेल, तर रिंगांकडे अधिक संशयानें पाहावें.

हेड उतरविलें असतां हीं सिलें न बदलणें म्हणजे निव्वळ हानि आहे. तथापि आधीं व्हॉल्व्ह गाइडमध्यें हलवून पाहावा. गाइडच झिजलें असेल तर नवें सील थोड्याच दिवसांत अंडाकृति होऊन जाईल. सील बसवितांना व्हॉल्व्हच्या टोकाकडील खांचांवर प्लास्टिकची पातळ टोपी किंवा नळी चढवावी, दांड्यास तेल लावावें, आणि योग्य मापाच्या सॉकेटनें सील गाइडवर पुरतें बसेपर्यंत हातानेंच दाबावें. कांहीं इंजिनांत इनलेट व एक्झॉस्ट ह्यांचीं सिलें निराळीं असून त्यांचे रंगही निराळे असतात; तीं अदलाबदल होऊं देऊं नयेत. एकदां काढलेलें सील पुन्हा बसवूं नये.

७. ब्रीदरकडे दुर्लक्ष नको

पिस्टनच्या रिंगांतून थोडा वायु नेहमींच चेंबरमध्यें उतरतो, व ब्रीदरच्या नळीनें बाहेर जातो. ही नळी काजळीनें बुजली कीं तो वायु चेंबरमध्यें कोंडतो आणि तेलास सिलांच्या वाटेनें बाहेर ढकलतो. आमच्या पाहण्यांतील एका गाडीचें पुढचें सील एका पावसाळ्यांत तीनदां बदलण्यांत आलें. तिन्ही वेळां सील चांगलें होतें व बसविणारा मिस्त्रीही कसबी होता. चौथ्या खेपेस कोणीतरी ब्रीदरची नळी काढून फुंकली, तों ती साफ बंद! नळी धुऊन बसवितांच गळती थांबली. तीन सिलांचे पैसे व तीन वेळांची मजुरी ज्या एका नळीपायीं गेली, ती धुण्यास मूठभर रॉकेल पुरें होतें. सबब इंजिन जोडण्यापूर्वीं ब्रीदरची नळी, तिचा व्हॉल्व्ह असल्यास तो, व टॅपेट कव्हरमधील तिचें तोंड, हीं सर्व साफ करावीं.

८. इंजिन सुरू करतांना

तेल भरून, स्पार्क प्लग काढून व ठिणगीची तार सोडवून इंजिन स्टार्टरनें थोडें थोडें फिरवावें, म्हणजे तेल सर्व जागीं पोंचतें. डॅशबोर्डवरील तेलाचा दिवा विझल्यावरच प्लग लावून इंजिन सुरू करावें. पहिलीं दहा मिनिटें खालीं कोरा कागद पसरून ठेवावा. त्यानंतर पहिल्या शंभर किलोमीटरांवर, व पुन्हा पांचशांवर, तेलाची पट्टी व सांधे तपासावे. ओठ बसतांना पहिल्या दिवशीं किंचित ओलावा दिसला तर तो पुसून पुन्हा पाहावें. थेंब पडत असेल तर मात्र थांबून कारण शोधावें.

काढलेलें जळकें तेल विहिरीजवळ, बांधावर किंवा ओढ्यांत ओतूं नये. तें डब्यांत सांठवून जुनें तेल घेणाऱ्यास द्यावें. हातही साबणानें धुवावे, कारण असें तेल कातडीस वारंवार लागणें अपायकारक आहे.

शेवटीं, जोडणीपूर्वीं स्वतःस पांच प्रश्न विचारावे. शाफ्टवर नख अडकतें काय? बेअरिंग डगमगतें काय? सिलाचें माप व रबराची जात दोन्ही जुळतात काय? स्प्रिंगची बाजू आंत आहे काय? ब्रीदर मोकळा आहे काय? ह्या पांचांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं तरच फ्लायव्हील चढवावें. इंजिन पडवींत उघडें असतां ह्या तपासणीस अर्धा दिवस पुरतो. तीच राहून गेली, तर ऐन सुगीच्या दिवसांत गाडी मिस्त्रीच्या दारीं उभी राहते.